योव्हिलचा कारखाना कोणाचा?

‘ऑगस्टा वेस्टलँड’ हे नाव मराठी वर्तमानपत्राच्या वाचकाला नव्याने सांगावे लागत नाही. २०१० साली भारताने अतिमहत्त्वाच्या व्यक्तींसाठी बारा हेलिकॉप्टरे घेण्याचा करार केला, पुढे लाचखोरीचे आरोप झाले, तीन हेलिकॉप्टरे येऊन पोचल्यावर जानेवारी २०१४ मध्ये करार रद्द झाला. नंतर काही वर्षे संसदेत आणि निवडणुकीच्या सभांत हे नाव गाजत राहिले. त्या गदारोळात एक साधा प्रश्न सहसा कोणी विचारला नाही. या जोडनावातले ‘वेस्टलँड’ कोण, आणि ही इंग्रज कंपनी एका इटालियन कंपनीच्या नावामागे कशी जाऊन बसली? त्याचे उत्तर शोधत मी १९८५-८६ च्या लंडनमध्ये जाऊन पोचलो. ब्रिटिश पार्लमेंटमधल्या त्या वेळच्या चर्चांचे इतिवृत्त आज कोणालाही घरबसल्या वाचता येते. ते वाचताना लक्षात आले की, संरक्षण सामग्री बनवणारी कंपनी परक्याच्या हाती जावी की नाही, हा आजचा वाद तेव्हाच्या त्या चार महिन्यांत जवळपास सगळाच होऊन गेला होता. त्यात दोन मंत्र्यांची पदे गेली आणि खुद्द मार्गारेट थॅचर यांची खुर्ची डळमळली. आणि या गोष्टीत आपणही होतो, नको त्या जागी.

वेस्टलँडचा कारखाना इंग्लंडच्या नैऋत्येला सॉमरसेट परगण्यातल्या योव्हिल या गावी. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली सुरू झालेला. दुसऱ्या महायुद्धात ‘लायसँडर’ विमाने इथलीच. युद्धानंतर कंपनीने विमाने मागे टाकून हेलिकॉप्टरांची वाट धरली. ती वाट मात्र उसनी होती. १९४७ पासून अमेरिकेच्या सिकॉर्स्की कंपनीकडून परवाना घ्यायचा, मूळ आराखड्यात ब्रिटिश इंजिन आणि ब्रिटिश गरजांप्रमाणे फेरफार करायचे, आणि यंत्र आपल्या नावाने विकायचे. ड्रॅगनफ्लाय, व्हर्लविंड, वेसेक्स, सी किंग हे सगळे याच पद्धतीचे. आपल्या नौदलाने सत्तरच्या दशकाच्या आरंभापासून वापरलेली सी किंग हेलिकॉप्टरे वेस्टलँडनेच बनवलेली.

पुढच्या सगळ्या भांडणाची मेख १९५९-६० मध्ये आहे. त्या काळी ब्रिटनमध्ये विमाने बनवणाऱ्या कंपन्या भारंभार झाल्या होत्या. हवाई उद्योग मंत्री डंकन सँडिस यांनी त्यांना एकत्र यायला भाग पाडले. कायदा करावा लागला नाही. सरकारी ऑर्डरी आता मोजक्याच मोठ्या कंपन्यांना मिळतील, एवढे कळवले की पुरे. हेलिकॉप्टरांच्या क्षेत्रात साँडर्स-रो, ब्रिस्टलचा हेलिकॉप्टर विभाग आणि फेअरी या तिन्ही वेस्टलँडमध्ये विलीन झाल्या. म्हणजे ब्रिटनमध्ये हेलिकॉप्टर बनवणारी कंपनी उरली एकच, आणि तिचा मोठा ग्राहकही एकच. ही मक्तेदारी बाजारातल्या चढाओढीतून आलेली नव्हती. ती सरकारने ठरवून घडवली होती. पंचवीस वर्षांनी तेच सरकार म्हणणार होते की, वेस्टलँड ही खाजगी कंपनी आहे, तिचे काय करायचे ते तिच्या भागधारकांनी ठरवावे.

ऐंशीच्या दशकात कंपनीचे दिवस फिरले. लष्करी मागणीत खंड पडला होता. जुन्या ऑर्डरी संपत आलेल्या, आणि इटलीच्या ऑगस्टासोबत आखलेले ईएच-१०१ हे मोठे हेलिकॉप्टर अजून बरेच दूर. मधला काळ तरून जावा म्हणून कंपनीने स्वतःच्या जबाबदारीवर वेस्टलँड-३० नावाचे नागरी हेलिकॉप्टर काढले होते. लिंक्स या लष्करी हेलिकॉप्टरची यंत्रणा घ्यायची आणि तिला माणसे बसवायला मोठी पेटीसारखी काया जोडायची, अशी ती कल्पना. ते फारसे कोणी घेतले नाही. १९८५ च्या हिशेबात कंपनीने सुमारे साडेनऊ कोटी पौंडांचा तोटा दाखवला.

वेस्टलँड-३० ला एकच मोठे गिऱ्हाईक दिसत होते, ते म्हणजे भारत. मुंबई हायसारख्या समुद्रातल्या तेलक्षेत्रांवर माणसांची ने-आण करायला हेलिकॉप्टरे हवी होती, आणि त्यासाठी सरकारी हेलिकॉप्टर महामंडळ, म्हणजे आजचे पवन हंस, १९८५ मध्ये स्थापन होत होते. ब्रिटनने प्रस्ताव ठेवला की एकवीस हेलिकॉप्टरे घ्या, पैसे आम्हीच मदत म्हणून देतो. रक्कम साडेसहा कोटी पौंड. गरीब देशांच्या विकासासाठी ठेवलेल्या निधीतून ही रक्कम निघायची आणि योव्हिलला जाऊन पोचायची. भारतीय बाजूला या यंत्राबद्दल शंका होत्या, तरी थॅचरबाईंनी राजीव गांधींकडे हा विषय लावून धरला. यंत्र चांगले असते तर एवढा आग्रह लागला नसता, असे मला वाटते.

एप्रिल १९८५ मध्ये अ‍ॅलन ब्रिस्टो या हेलिकॉप्टर व्यावसायिकाने जवळपास नऊ कोटी पौंडांना वेस्टलँड विकत घ्यायची तयारी दाखवली. ब्रिस्टो पक्का इंग्रज, म्हणजे परकीय मालकीचा प्रश्नच नव्हता. पण आत डोकावून पाहिल्यावर आणि सरकारकडून ऑर्डरींची खात्री मिळत नाही असे दिसल्यावर त्यांनी जूनमध्ये काढता पाय घेतला. भाव देणाऱ्याला कारखान्याच्या यंत्रसामग्रीपेक्षा संरक्षण मंत्रालयाचा शब्द हवा होता. ‘भागधारकांनी ठरवावे’ हे तत्त्व किती पोकळ आहे, ते तिथेच दिसायला हवे होते.

मग जॉन ककनी हे अडचणीतल्या कंपन्या सावरण्यात मुरलेले गृहस्थ अध्यक्ष म्हणून आले. त्यांनी जुना मित्र गाठला. सिकॉर्स्कीची मूळ कंपनी युनायटेड टेक्नॉलॉजीज आणि इटलीची फियाट यांनी मिळून २९.९ टक्के भाग घ्यायचे, असे घाटत होते. आकडा असा अर्धवट का, तर लंडनच्या नियमांप्रमाणे ३० टक्क्यांना हात लागला की उरलेल्या सगळ्या भागधारकांकडूनही भाग विकत घेण्याचा प्रस्ताव द्यावा लागतो. म्हणजे कागदोपत्री ताबा नाही, पण पैसा त्यांचा, परवाना त्यांचा, आणि योव्हिलमध्ये बनणार होते सिकॉर्स्कीचे ‘ब्लॅक हॉक’. ते ब्रिटिश लष्कराला नकोच होते.

इथे मायकेल हेसेल्टाइन रंगात येतात. संरक्षणमंत्री, महत्त्वाकांक्षी, युरोपवादी. त्यांचे म्हणणे असे की वेस्टलँड सिकॉर्स्कीच्या आधाराने उभी राहिली तर स्वतः आराखडा करायची तिची ताकद हळूहळू जाईल आणि योव्हिलला दुसऱ्याच्या नकाशावरून पत्रे ठोकण्याचे काम तेवढे उरेल. अमेरिका शत्रू नव्हती, सर्वांत जवळचा मित्र होती. पण मित्रावर अवलंबून राहणे हेही अवलंबून राहणेच, हा त्यांचा मुद्दा, आणि तो मला आजही पटतो. अडचण एवढीच की वेस्टलँड जन्मभर सिकॉर्स्कीच्याच नकाशांवर जगली होती, आणि हे हेसेल्टाइनना कोणीतरी ऐकवणारच होते.

त्यांनी फ्रान्सची एरोस्पासियाल, पश्चिम जर्मनीची एमबीबी आणि इटलीची ऑगस्टा यांचा गट उभा केला. त्यात पुढे ब्रिटिश एरोस्पेस आणि जीईसी या दोन ब्रिटिश कंपन्याही आल्या. २९ नोव्हेंबर १९८५ रोजी चार देशांचे शस्त्रखरेदी प्रमुख लंडनमध्ये बसले आणि त्यांनी शिफारस केली की आपल्या सैन्यांसाठी यापुढे युरोपात आराखडा झालेली आणि युरोपात बनलेली हेलिकॉप्टरेच घ्यावीत. आता गंमत पाहा. हेसेल्टाइन यांच्याच मंत्रालयात खरेदी स्पर्धेतून व्हावी म्हणून पीटर लेव्हिन या उद्योजकाला बाहेरून आणून खरेदीप्रमुख केले होते. तेच मंत्रालय आता अमेरिकेला दार बंद करणारी शिफारस हाती घेऊन उभे होते. व्यापारमंत्री लिऑन ब्रिटन यांनी बाजाराची बाजू घेतली. कंपनीला हवा तो जोडीदार निवडू द्या, सरकारने पर्याय तोडू नयेत. दोघेही एकाच सरकारचे, एकाच पक्षाचे.

९ डिसेंबरला मंत्र्यांच्या समितीने मार्ग काढला. युरोपीय गटाने शुक्रवार, १३ डिसेंबर, दुपारी चारपर्यंत वेस्टलँडच्या संचालकांना पटेल असा प्रस्ताव द्यावा. नाही जमले, तर शस्त्रखरेदी प्रमुखांची शिफारस बाजूला ठेवायची. प्रस्ताव आला आणि संचालकांनी तो नाकारला. हेसेल्टाइन यांचे म्हणणे, त्या दिवशी पुन्हा बैठक व्हायची ठरली होती, ती रद्द केली गेली. थॅचरबाईंच्या गोटाचे म्हणणे, अशी बैठक ठरलीच नव्हती. इथून पुढे हेलिकॉप्टर बाजूला राहिले आणि मंत्रिमंडळात कोणाचे चालते हा प्रश्न झाला.

नंतरची हकीकत राजकारणाच्या पुस्तकांत पुष्कळदा आली आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. हेसेल्टाइन यांनी युरोपीय गटाच्या सल्लागार बँकेला ३ जानेवारी १९८६ रोजी पत्र लिहिले. सॉलिसिटर जनरल पॅट्रिक मेह्यू यांनी ६ तारखेला त्या पत्रातल्या काही विधानांत चुका आहेत, त्या दुरुस्त करा, असे गोपनीय पत्राने कळवले. त्या पत्रातली हेसेल्टाइनना अडचणीत आणणारी वाक्ये त्याच दिवशी ब्रिटन यांच्या खात्यातून वृत्तसंस्थेकडे पोचवली गेली. सरकारच्या कायदा अधिकाऱ्याचा सल्ला असा फोडणे हे तिकडे फार मोठे पाप. ९ जानेवारीला मंत्रिमंडळाच्या बैठकीत, वेस्टलँडबद्दलचे प्रत्येक निवेदन आधी कॅबिनेट कार्यालयाला दाखवावे, असे ठरताच हेसेल्टाइन कागद गोळा करून बाहेर पडले आणि रस्त्यावर आपण राजीनामा दिल्याचे सांगून मोकळे झाले. २४ जानेवारीला ब्रिटन गेले. २७ तारखेला कॉमन्समधली चर्चा थॅचरबाईंना जड जाणार असे सगळे धरून होते. विरोधी पक्षनेते नील किनॉक यांचे लांबलचक भाषण फसले आणि बाई वाचल्या.

पण मला या नाट्यापेक्षा त्याच आठवड्यांतली दुसरी एक फाइल जास्त महत्त्वाची वाटते. वेस्टलँडच्या गोंगाटात ती झाकली गेली. डिसेंबर १९८५ मध्ये जीईसीने प्लेसी ही दुसरी ब्रिटिश इलेक्ट्रॉनिक्स कंपनी सुमारे १२० कोटी पौंडांना घ्यायचा प्रस्ताव ठेवला. दोन्ही कंपन्या संरक्षण मंत्रालयाला रडार आणि संदेशवहनाची साधने पुरवणाऱ्या. एक झाल्या तर मंत्रालयाला भाव पाडून घ्यायला दुसरा उरणार नाही, म्हणून मंत्रालयाने विरोध केला. प्रकरण मक्तेदारी व विलीनीकरण आयोगाकडे गेले आणि ऑगस्ट १९८६ मध्ये आयोगाच्या प्रतिकूल अहवालानंतर ते अडले. १९७३ च्या कायद्याने आयोगाला सार्वजनिक हिताचा कोणताही मुद्दा तपासता येत होता. पण जुलै १९८४ मध्ये तेव्हाचे व्यापारमंत्री नॉर्मन टेबिट यांनी जाहीर केले होते की प्रकरणे आयोगाकडे पाठवताना मुख्य कसोटी स्पर्धेची राहील. त्या कसोटीने पाहिले तर दोन ब्रिटिश कंपन्यांचे लग्न धोक्याचे ठरते. आणि देशातली एकमेव हेलिकॉप्टर कंपनी तिला नकाशे पुरवणाऱ्या परकीय कंपनीच्या पंखाखाली जाते, तेव्हा स्पर्धा कमी होत नाही, कारण कमी व्हायला ती मुळात नसतेच. चाळणी बारीक होती, पण ती नेमका हाच खडा खाली सोडत होती. सिकॉर्स्कीचे प्रकरण आयोगापुढे गेलेच नाही.

फियाटचा तपशीलही असाच. १९७६ पासून फियाटमध्ये लिबियाच्या सरकारी बँकेचा मोठा वाटा होता, सुमारे १५ टक्क्यांच्या घरात. एप्रिल १९८४ मध्ये लंडनमधल्या लिबियाच्या दूतावासातून झालेल्या गोळीबारात एक पोलीस महिला ठार झाली होती आणि ब्रिटनने लिबियाशी राजनैतिक संबंध तोडले होते. दीड वर्षाने त्याच लंडनमध्ये वेस्टलँडच्या भागीदारांत फियाटचे नाव होते. लिबियाने आपला वाटा विकला तो १९८६ च्या सप्टेंबरात, म्हणजे सगळे आटोपल्यावर.

निर्णय भागधारकांनी घ्यायचा होता ना, तर तोही कसा झाला ते पाहण्यासारखे आहे. १७ जानेवारीला रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये सभा भरली. ज्या सभागृहात एरवी मैफली रंगतात तिथे एका बुडत्या कंपनीचे मतदान. सिकॉर्स्कीच्या योजनेला ७५ टक्के मते हवी होती, पडली ६५. मग योजनेची रचना अशी बदलली की साधे बहुमत पुरावे, आणि १२ फेब्रुवारीला ती सुमारे दोनतृतीयांश मतांनी मंजूर झाली. मधल्या दिवसांत बाजारात वेस्टलँडच्या भागांची विलक्षण खरेदी चालली होती. हॅन्सन ट्रस्टने सुमारे १५ टक्के घेतले. आणखी जवळपास एकपंचमांश भाग परदेशी खात्यांच्या आडून सहा खरेदीदारांनी घेतले. त्यांमागे खरे कोण होते, हे शेअर बाजाराच्या आणि पार्लमेंटच्या समितीच्या चौकशीतही पुरते उघड झाले नाही. राष्ट्राच्या संरक्षणाशी निगडित कारखान्याचे भवितव्य ठरवणाऱ्या मतदारांपैकी दर पाचातला एक बुरखा घालून आला होता!

आणि मग काय झाले? ब्लॅक हॉकची एकही ऑर्डर योव्हिलला मिळाली नाही. तिथे एकच नमुना जोडला गेला. कंपनी तरली ती ईएच-१०१ वर, म्हणजे इटालियन ऑगस्टासोबतच्या युरोपीय यंत्रावर. ब्रिटिश नौदलाने १९९१ मध्ये त्याची ४४ हेलिकॉप्टरे मागवली. हेसेल्टाइन हरले आणि त्यांचे भाकीत निम्मे खरे ठरले, निम्मे खोटे. जीकेएन या ब्रिटिश कंपनीने १९९४ मध्ये वेस्टलँड ताब्यात घेतली. पुढे ऑगस्टाशी समान भागीदारी झाली, तेव्हा जोडनाव आले. २००४ मध्ये जीकेएनने आपला अर्धा वाटा इटलीच्या फिनमेकानिकाला सुमारे १०६ कोटी पौंडांना विकला. २९.९ टक्क्यांवरून जिथे दोन मंत्री गेले, तिथे पूर्ण शंभर टक्के परदेशी गेले आणि कोणाचीही खुर्ची हलली नाही. बारा हेलिकॉप्टरांचा आपला करार झाला तो या इटालियन मालकीच्या इंग्रज कारखान्याशी.

आपल्या वाट्याला आले त्याची गोष्ट लहान आणि कडू आहे. एकवीस वेस्टलँड-३० आली. १९८८ मध्ये एक वैष्णोदेवीजवळ कोसळले, १९८९ मध्ये दुसरे नागालँडमध्ये, दोन्हींत माणसे गेली. १९९१ मध्ये उरलेली सगळी जमिनीवर बसवली. समुद्रावरचे काम फ्रेंच डॉफिन हेलिकॉप्टरांनी सांभाळले. जुहूच्या धावपट्टीवर पवन हंसची ये-जा ज्यांनी पाहिली आहे त्यांच्या डोळ्यांपुढे तीच येतील. साडेसहा कोटी पौंडांची ती यंत्रे अखेर दहा लाख पौंडांहून कमी किमतीत विकली गेली. मदत भारताला दिली असे हिशेबात लिहिले आहे. योव्हिलच्या कामगारांची काही महिन्यांची पगारपत्रके त्यातून निघाली, हेही खरे आहे, आणि त्यांना मी दोष देणार नाही.

ब्रिटनने धडा घेतला, पण तुकड्यातुकड्यांनी. १९८९ मध्ये जीईसीने जर्मनीच्या सीमेन्सला सोबत घेऊन प्लेसी पुन्हा गाठली, तेव्हा स्पर्धा आणि सुरक्षा या दोन्हींसाठी अटी घालून परवानगी मिळाली. २००२ च्या कायद्याने स्पर्धेचा निर्णय स्वतंत्र यंत्रणेकडे दिला, आणि राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणासाठी मंत्र्याला हस्तक्षेपाची खिडकी ठेवली. मंत्री सहसा विक्री अडवत नाहीत, हमीपत्रे लिहून घेतात. संवेदनशील माहिती कोण पाहील, पुरवठा चालू राहील का, कारखाना विकण्याआधी कळवाल का, अशा स्वरूपाची. हवेत इंधन भरण्याच्या तंत्रात नाव कमावलेली कोबम कंपनी २०१९ च्या डिसेंबरात अ‍ॅडव्हेंट या अमेरिकी गुंतवणूक कंपनीला ४०० कोटी पौंडांना अशाच हमीपत्रांवर मिळाली. पुढच्या दोनेक वर्षांत तिचे विभाग एकेक करून विकले गेले, आणि इंधन भरण्याचा विभाग ईटन कंपनीकडे गेला. हमीपत्र मोडले असे कोणी म्हणू शकले नाही. कंपनी एकसंध ठेवण्याची अट त्यात नव्हती.

अखेर ४ जानेवारी २०२२ पासून ब्रिटनमध्ये वेगळा राष्ट्रीय सुरक्षा व गुंतवणूक कायदा लागू झाला. संरक्षणासह सतरा क्षेत्रांत २५ टक्क्यांच्या वर वाटा जात असेल तर सरकारला आधी कळवणे सक्तीचे. सिकॉर्स्की आणि फियाटचे एकत्रित २९.९ टक्के आज पूर्वीसारखे सहज निसटले नसते. आपल्याकडेही संरक्षण उद्योगातल्या परकीय गुंतवणुकीची चर्चा टक्क्यांतच होते. २००१ मध्ये २६ टक्के, २०२० पासून थेट मार्गाने ७४, त्यासोबत सुरक्षेच्या कारणावरून छाननीचा अधिकार. पण योव्हिलमध्ये ताबा टक्क्यांत नव्हता. तो नकाशा कोणाचा आणि ऑर्डर कोणाची, यात होता.

फिनमेकानिकाचे नाव आता लिओनार्दो आहे. सिकॉर्स्की २०१५ पासून लॉकहीड मार्टिनकडे आहे. ब्रिटिश सैन्याला मध्यम आकाराची नवी हेलिकॉप्टरे हवीत म्हणून फेब्रुवारी २०२४ मध्ये तीन कंपन्यांकडून निविदा मागवल्या गेल्या. एअरबस, ब्लॅक हॉक घेऊन आलेली लॉकहीड मार्टिन, आणि योव्हिलची लिओनार्दो. निविदा भरायची मुदत ऑगस्टअखेर होती. त्या महिन्यात एअरबस आणि लॉकहीड मार्टिन दोघींनीही माघार घेतली. स्पर्धा संपेपर्यंत स्पर्धेत उरली एकच कंपनी, योव्हिलची.